तोंड दिसलं पाहिजे

खंडागळे मास्तर 'बोंबील' म्हणतात तेव्हा त्यांचं सगळं तोंड कामाला लागतं. आधी ओठ गच्च मिटतात, मग गोल होतात, पुन्हा मिटतात, आणि शेवटच्या 'ल'ला जीभ वर टेकलेली आपल्याला बाहेरून दिसते. सारसोळ्याची हिराबाई मासळीची टोपली घेऊन आमच्या बिल्डिंगखाली बसायची. पहिल्या दिवशी ती त्यांच्याकडं बघतच राहिली आणि म्हणाली, "मास्तर, मना आयकू येतं. मी काय बहिरी नाय."

मास्तर म्हणाले, "ऐकू येणं वेगळं बाई. बोलणाऱ्याचं तोंड दिसलं पाहिजे."

आम्ही बायका पदर तोंडाला लावून हसलो. नट माणूस, नखरे करणारच, असं आमचं ठरून गेलं.

मास्तर आमच्या समोरच्या दारातले. नव्वदीतली ती वर्षं, नेरूळची आमची सोसायटी नवीकोरी, जिन्याला अजून डिस्टेंपरचा वास येत होता. आम्ही कराडकडचे. आमचे हे मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर हिशेबनीस, आणि मी हॉलमध्ये शिलाई मशीन टाकून बसलेली. मास्तर पन्नाशीचे, काठीसारखे उंच, पण गाल रबराचे. वीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट फुंकल्यावर गाल जागेवर राहणार कसे? बँडमधून ते नाटकाच्या वाद्यवृंदात गेले, आणि तिथून एक दिवस थेट स्टेजवर.

तो किस्सा ते दर आठवड्याला नव्यानं सांगायचे. वाशीला प्रयोग होता. हवालदाराचं काम करणारा नट पाय मुरगळून घरी बसला. मॅनेजर विंगेत डोकं धरून उभा. वाजवणाऱ्यांतून मास्तरांनी हात वर केला. ढगळ खाकी चढवली, लाठी सापडेना म्हणून क्लॅरिओनेटच काखेत मारलं आणि गेले. वाक्य एकच होतं, "कोण आहे रे तिकडं?" चोर मागं पडद्याशी उभा. मास्तरांनी त्याच्याकडं पाठ केली आणि प्रेक्षकांकडं बघून, एकेक अक्षर चावून, विचारलं, "कोण आहे रे तिकडं?" पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला म्हणे. नाटक तिथं पाच मिनिटं थांबलं, लोक इतके हसत होते. दुसऱ्या दिवशी हवालदाराचं काम मास्तरांना कायमचं मिळालं आणि क्लॅरिओनेट मखमली पेटीत बंद होऊन कपाटावर गेलं.

पुढं कामं वाढली, पण तऱ्हा तीच. नायक डावीकडून बोलतोय, मास्तर उत्तर देताहेत समोर बघून. एकदा भर प्रयोगात नायक म्हणाला, "मास्तर, मी इकडं आहे." मास्तर प्रेक्षकांना म्हणाले, "माहीत आहे मला." पाठमोरं उभं राहायचं नाही, तोंडावर हात घ्यायचा नाही, खोट्या मिशा ओठावर आल्या तर मेकअपवाल्याशी भांडण. कारण विचारलं की एकच उत्तर, "तोंड दिसलं पाहिजे."

आणि शब्द बदलायची खोड. माझ्याकडं पहिल्यांदा आले ते शर्ट घेऊन.

"सुनंदाबाई, गुंडी लावायची."

"बटण तुटलंय होय?"

"गुंडी."

"अहो, बटणच ना?"

"बटण नाही, गुंडी म्हणा. काय बिघडतं?"

माझं काय बिघडणार? लावली गुंडी. पण नाटकवाल्यांचं बिघडायचं. लेखकानं 'बाळ' लिहिलं की मास्तर 'लेकरू' म्हणायचे. लेखक चिडायचा, मास्तर हात जोडायचे आणि प्रयोगात पुन्हा 'लेकरू'च. मला वाटायचं, वाद्य फुंकून ओठ बधिर झाले असतील, काही अक्षरं निघत नसतील. पण बोंबील कसा चोख म्हणायचे!

मास्तर असे अघळपघळ, तर त्यांच्या कुसुमकाकू एकदम शिष्ट. जिन्यात मागून हाक मारली तर वळून बघणार नाहीत. हळदीकुंकवाला आल्या तर कोपऱ्यात बसून सगळ्याला मान डोलावणार. माझा तर त्यांच्यावर खास राग. एकदा ब्लाउज घ्यायला आल्या, मी मशीनवर होते, तोंडात टाचण्या धरलेल्या. बोलता बोलता मी सांगितलं, "काकू, सासूबाई न्हाणीघरात पडल्या हो गावाला. खुब्याचं हाड मोडलं." काकू गोड हसल्या आणि म्हणाल्या, "फार छान झालं." ब्लाउज उचलला आणि गेल्या. मी टाचण्या गिळायचीच बाकी होते. सासूबाईंवर माझं प्रेम उतू जात होतं अशातला भाग नाही, पण म्हणून परक्या बाईनं छान झालं म्हणावं?

मास्तर मात्र बायकोला फुलासारखं जपायचे. त्यांनी काकूंना लांबून हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बाजारात काकू दहा पावलं पुढं गेल्या तर हा माणूस गर्दीतून पळत पळत पुढं जायचा, वळून समोर उभा राहायचा आणि मगच विचारायचा, "कोथिंबीर घ्यायची का?" नाटकाचा पास आला की काकूंची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध. आमचे हे म्हणायचे, "जरा शिक त्यांच्याकडून." मी म्हणायचे, "तुम्ही आधी पळून दाखवा."

मग टीव्हीचं प्रकरण आलं. केबल नुकती घरोघर पोचली होती आणि मास्तरांना मालिकेत डॉक्टरचं काम मिळालं. हवालदार नाही, नोकर नाही, चक्क सर्जन. तेरा भाग. मला कळलं तेव्हा मी ओट्यावरचं दूध तसंच टाकून चारी मजले फिरून आले. ऐरोलीला एका शाळेच्या हॉलमध्ये हॉस्पिटल उभं केलं होतं. युनिट छोटं, त्यामुळं झगा त्यांचा आणि तोंडाला बांधायचा मास्क ज्याचा त्यानं आणायचा. मास्तर सांगत आले, मी लगेच हिरवं कापड काढलं. चार बंद, वर पक्की दुहेरी शिलाई. मास्तरांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि तसाच घेऊन घरी गेले.

अर्ध्या तासानं परत आले. मास्क माझ्या मशीनवर ठेवला.

"सुनंदाबाई, राग मानू नका. त्यांना फोन करून सांगतो, जमणार नाही."

"काय जमणार नाही?"

"हा रोल. तोंड दिसत नाही यात."

माझं डोकं असं सणकलं. चारी मजल्यांवर मी पेढ्याचं बोलून बसले होते. तेरा भाग, टीव्हीवर, आणि हा माणूस तोंड दिसत नाही म्हणून सोडतोय? इतका कसला रूपाचा गर्व? मास्तर खाली फोनच्या बूथकडं निघाले आणि मी मास्क उचलून तरातरा त्यांच्या घरात शिरले. म्हटलं, काकूंनाच सांगते, नवऱ्याला जरा अक्कल द्या.

दार उघडंच होतं. काकू ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, सहा, सात, आठ, आणि त्या हाताजवळच्या गॅसकडं न बघता शांतपणे कोशिंबीर कालवत होत्या. मी म्हटलं, "काकू." मग मोठ्यानं, "काकू." मग मशीनवर बसून कमावलेला माझा सगळा आवाज लावून, "अहो काकू!" काही नाही. मी जाऊन खांद्याला हात लावला तशा त्या केवढ्यांदा दचकल्या, हातातला डाव खाली पडला. आणि मग त्यांनी बघितलं, ते माझ्या डोळ्यांकडं नाही. माझ्या ओठांकडं.

मी पुढं होऊन गॅस बंद केला. मागं मास्तर आलेले होते. फोन न करताच परत फिरले होते.

"पाच वर्षं झाली," ते म्हणाले. "आधी एक कान गेला, मग दुसरा. कानाला मशीन लावून बघितलं, नुसता खरखराट. मग ती ओठांवरून वाचायला शिकली. मीच शिकवलं. पण 'ब' आणि 'म' ओठांवर सारखेच दिसतात हो. एकदा म्हटलं, कुसुम, शर्टाला बटण पाहिजे. चतुर्थीचा दिवस. हिनं अर्धा किलो मटण आणून शिजवलं."

त्यांना हसू आलं. बटण, मटण. बाळ, माळ. ती गुंडी आणि ते लेकरू मला एकदम उमगलं.

"हिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात मी वाजवायला होतो," मास्तर म्हणाले. "वरात निघून गेली तरी ही मांडवाच्या दारात ऐकत उभी. त्यानंतर जे वाजवलं ते हिच्यासाठी. हिचे कान गेल्यावर क्लॅरिओनेट फुंकण्यात जीव लागेना. म्हटलं, ऐकू येत नाही तर नाही, हिला दिसेल असं काहीतरी करू. म्हणून त्या दिवशी विंगेत हात वर केला. आणि कोण आहे रे तिकडं विचारल्यावर हात वर करणारी बाई हीच."

"आणि आजचा मास्क?"

"आत्ता बांधून हिच्यापुढं उभा राहिलो. सगळं वाक्य बोललो, जीव ओतून. बोलून झाल्यावर ही म्हणाली, हं, करा ना सुरू."

मी तिथं पाटावर बसून रडले. काकूंनीच मला पाणी दिलं. म्हणाल्या, "बिल्डिंगमध्ये सांगू नकोस गं. बहिरीशी कुणी गप्पा मारत नाही. नुसते हातवारे करतात." (पुढं दोन वर्षांनी त्यांनी स्वतःच हळदीकुंकवात सांगून टाकलं, म्हणून आज मी लिहिते आहे.) मी डोळे पुसले, त्यांच्या समोर बसले आणि तोंड नीट उघडून म्हटलं, "काकू, त्या दिवशी माझ्या सासूबाईंचं हाड मोडलं होतं." काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, मी काय म्हणाले?" मी सांगितलं. मग दोघी इतक्या हसलो की मास्तर घाबरले.

निघताना मी मास्तरांना म्हटलं, "रोल घ्या. मास्कचं टेन्शन माझ्यावर सोडा."

घरी येऊन चारही बंदांची पक्की शिलाई उसवली आणि कच्चा टाका घातला. नुसता धावदोरा. मान वळवली की सुटणार. मास्तर शूटिंगहून आले ते जिन्यातच सांगत. पहिल्या टेकला डावा बंद गेला. गाठ मारली. दुसऱ्या टेकला उजवा गेला. तिसऱ्याला मास्क सरळ पेशंटच्या पोटावर पडला आणि बेशुद्ध पेशंट हसला. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "ऑपरेशन राहू द्या. बाहेर येऊन मास्क गळ्यात अडकवूनच बोला. आणि शिवलाय कुणी हा?" मास्तर म्हणाले, "नेरूळची नामांकित शिलाई आहे." माझ्या शिलाईला नाव ठेवल्याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

मालिका लागली त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये चाळीस माणसं. मशीन बाल्कनीत, चिवडा परातीत, हिराबाई टोपलीसकट दारात. काकूंना मी टीव्हीसमोर मधोमध स्टूल दिलं. मास्तर जिन्यात येरझाऱ्या घालत होते.

ऑपरेशनचा लाल दिवा विझला, दार उघडलं आणि हिरवा झगा घातलेले आमचे मास्तर पडद्यावर आले. मास्क गळ्यात. काय गलका झाला म्हणता! शिट्ट्या काय, टाळ्या काय, हिराबाई तर ओरडली, "माजा मास्तर डागदर झाला!" त्या आरड्याओरड्यात मास्तर पोराच्या आईसमोर थांबले, कॅमेऱ्याकडं सरळ बघितलं, ओठ हलले, आणि जाहिरात लागली.

सगळे एकदम गप्प झाले. मग एकमेकांना विचारायला लागले. काय म्हणाले? अरे, काय म्हणाले मास्तर? तुला ऐकू आलं का? कुणालाच आलं नव्हतं. वाक्य चाळीस माणसांत हरवलं होतं.

"तुमचं लेकरू वाचलं," कुसुमकाकू म्हणाल्या. जरा मोठ्या, सपाट आवाजात, टीव्हीकडंच बघत. "म्हणाले, तुमचं लेकरू वाचलं. आता पोटभर रडून घ्या."

मास्तर दारात उभे होते. लोकांचे पाय ओलांडत, चिवड्याची परात चुकवत, सगळ्या हॉलला वळसा घालून ते काकूंच्या समोर आले आणि उकिडवे बसले.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

काकू त्यांच्या ओठांकडं बघत होत्या.

"तोंड दिसलं," त्या म्हणाल्या.

चाळीस माणसं खो खो हसली, त्यांना तो विनोद वाटला. मी चहा टाकायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.