रेंज नसलेली जागा

आमच्या कोळवणात प्रत्येक माणूस रेंज शोधत असतो. गौतम सोनवणे रेंज नसलेली जागा शोधतो. सकाळी आठच्या सुमारास उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर पेलून तो भाताच्या बांधावरून निघे. ओढ्यापाशी रेंज पूर्ण जाई. तिथे तो प्रसन्न होई.

गौतम माझा शेजारी. वय पन्नाशीला टेकलेले. हिंजवडीची नोकरी सोडून तो आईजवळ परतला आणि त्याने एक सॉफ्टवेअर लायब्ररी लिहावयास घेतली. वेबसाइट करणारे लोक असा तयार भाग आपल्या कामात जोडून घेतात. गौतमच्या भागाचे काम एकच: पानावर माहिती भरताना रेंज गेली, तर भरलेले सांभाळून ठेवणे आणि रेंज येताच आपण होऊन पुढे धाडणे. ते खरेच सांभाळले जाते का, हे रेंज नसलेल्या जागीच तपासता येई. कल्पना उपयुक्त आहे. मी निवृत्त शिक्षक आहे. स्तुती जपून करतो.

"आधी मोडून बघू" हे त्याचे पालुपद. घरात नवी विजेरी आली, तेव्हा त्याने ती प्रथम बादलीत बुडवली. विझली. ती किती बोटे खोल पाण्यात विझते, हे तो दुकानदाराला समाधानाने सांगून आला. बदलून मागितली नाही. माझ्या ओसरीवरच्या नव्या खुर्चीवर तो बसण्याऐवजी उभा राहिला. मी खुर्ची आत नेली.

गावाला मोबाइलचा मनोरा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. गौतमनेही पेढा खाल्ला. मग ओढ्यापाशी रेंज येऊ लागल्याचे कळले आणि तो दोन दिवस जेवला नाही, असे त्याची आई शांताबाई सांगतात. पुढे त्याला डोंगराआड एक घळ सापडली. "लई झाक जागा हाय गुरुजी," तो म्हणाला. "फोन पार मरतोय तितं."

लायब्ररी मात्र प्रसिद्ध होईना. दोन वर्षे तिच्या आवृत्तीचा क्रमांक शून्य पॉइंट नऊवर अडला होता. त्याचे म्हणणे, एक हा आकडा दिला की शब्द दिला. मग लोक आपल्यावर विसंबतात. शांताबाईंना हे पटत नसे. "भात चार म्हयन्यात हाती येतो," त्या मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत. "ह्याच्या पिकाला दोन वर्सांत लोंबी न्हाई."

अखेर गेल्या महिन्यात त्याने आकडा दिला. बिल्ड, म्हणजे सगळे तुकडे एकत्र बांधून तयार झालेला माल, पाच वेळा तपासला. इस्त्रीचा सदरा घातला, मला आणि शांताबाईंना समोर बसवले, एक ओळ टंकून बटण दाबले. आता जगातील कोणालाही ती लायब्ररी उतरवून घेता येत होती. शांताबाईंनी विचारले, "झालं?" झाले होते.

तासाभराने तो माझ्या दारात आला. काय पाठवू नये, याची एक यादी असते. बिल्ड दर वेळी नव्याने तयार होते, ते रोजच्या कामाच्या साठवणीत भरू नये, म्हणून गौतमनेच बिल्डचे नाव त्या यादीत घातले होते. जगाला पाठवतानाही यादी तशीच राहिली. माहितीपत्रक गेले, परवाना गेला. माल घरीच राहिला. शिवाय एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. त्याची पहिली आवृत्ती कायमची रिकामी राहणार होती. दोन वर्षे सगळे मोडून पाहणाऱ्याने पुडके उघडून पाहिले नव्हते. मी तसे बोलून दाखवले.

चूक कळली ती एका परक्या माणसाच्या ईमेलवरून. कुठल्याशा डोंगराळ देशातला. त्याचे नाव मला उच्चारता आले नाही. गौतमने ईमेल मराठीत करून वाचली: "तुमचं पुडकं मिळालं. आत कायबी न्हाई. आमच्या दवाखान्यात रोज रेंज जाते. नीट पाठवाल का?"

त्याने ती पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचू लागला, तेव्हा माझ्या ध्यानात आले की हा आवाज बोलणी खाल्लेल्या माणसाचा नव्हे.

दुरुस्त आवृत्ती दहा मिनिटांत गेली. उत्तर लिहावयास दुपार झाली. क्षमा एका ओळीत होती. पुढे रेंज कोणत्या वळणावर जाते, पावसात किती वेळ जाते, दवाखान्यात माणसे किती, अशी सात ओळींची चौकशी. शेवटी लिहिले होते, सवडीने पुन्हा लिहा. कामाच्या पत्रात हे वाक्य शोभत नाही, खोडावे, असे मी सुचवले.

"असू द्या गुरुजी," तो म्हणाला. "हितं मला ह्याबद्दल इचारतंय कोण?"

दोन वर्षे आमची भिंत एक होती. मी कधी विचारले नव्हते. वाक्य राहू दे, असे मी म्हणालो.