कुंभारीण विद्यापीठात जाते

एका जंगलात, बाळांनो, मडकी आधी आली आणि विद्यापीठ नंतर आलं.

मडकी करायची कुंभारीण माशी. तुम्ही तिला पाहिलं आहे. बारीक कमरेची, काळीपिवळी, खिडकीच्या चौकटीवर बोराएवढं मातीचं मडकं करून जाते, तीच. ती तोंडातून पाणी आणते, माती भिजवते, गोळी करते आणि थापते. एका मडक्याला तीस-पस्तीस गोळ्या लागतात. वर नाजूक काठ, काठाखाली गळा. मग आत एक अंडं टांगते, पिल्लाला पुरतील इतक्या हिरव्या अळ्या भरते आणि तोंड लिंपून टाकते. पिल्लू मोठं झालं की भिंत कोरून बाहेर येतं आणि उडून जातं. मडकं चांगलं झालं की नाही, याची तिथं एवढीच परीक्षा होती.

मग शेजारच्या जंगलात विद्यापीठ निघालं. म्हणून याही जंगलात निघालं. त्यात मृत्तिकाकला विभाग आला. विभागप्रमुख कोण, यावर सभा भरली. मातीत सर्वांत जास्त वेळ कोण घालवतं, असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी रानडुकराकडे पाहिलं. रानडुक्कर नुकताच चिखलातून उठून आला होता. त्याच्या अंगावरचा चिखल अजून ओला होता, ती त्याची पात्रता ठरली.

रानडुक्कर सरांनी पहिल्याच दिवशी नियम केला. ओढ्याकाठची चिकणमाती विभागाची. विद्यार्थ्यांखेरीज कुणी तिला हात लावायचा नाही. विद्यार्थ्यालाही एका सत्रात एकाच भांड्यापुरती माती मिळेल. ओढ्यावर मुंगूस पहाऱ्याला बसला.

कुंभारीण गोळी उचलायला गेली, तर मुंगसानं तिला अडवलं. त्याला वाईट वाटत होतं, पण नोकरी होती. कुंभारणीची अंडं घालायची वेळ आठवड्यावर आली होती. दुसरी माती दोन डोंगरांपलीकडे. तिनं विद्यापीठात नाव घातलं.

मुलाखतीत सरांनी विचारलं, "आधी कुणाकडे शिकलात?"

"कुणाकडेच नाही."

"आईकडे?"

"आईला मी पाहिलंही नाही. बाहेर आले तेव्हा करता येत होतं."

सरांनी कागदावर 'पूर्वज्ञान : शून्य' असं लिहिलं आणि तिला पहिल्या वर्षाला घेतलं.

जंगलातलं सत्र सात दिवसांचं. पहिले सहा दिवस मातीला हात लावायचा नव्हता. हात भरले की विचार थांबतो, असं सरांचं मत होतं. ते मातीच्या स्मृतीवर बोलले. ओलाव्याच्या राजकारणावर बोलले. भांडं म्हणजे भोवतालची पोकळी, असंही एकदा म्हणाले, आणि ते लिहून घेताना तिसऱ्या बाकावरच्या सशाच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या बाकावर माकड झोपलं होतं. तरी ते सरांचं लाडकं होतं, कारण जागं असताना ते मान हलवायचं.

सातव्या दिवशी माती मिळाली. माकडानं आपला गोळा तसाच पाटावर आपटला आणि त्याच्यावर चार पानी टिपण जोडलं. टिपणाचं नाव 'मी न केलेलं भांडं'. सरांनी ते दोनदा वाचलं आणि वर्गाला तिसऱ्यांदा वाचून दाखवलं.

कुंभारणीनं एका काडीवर मडकं केलं. तिला एकाच प्रकारचं मडकं येत होतं, आणि वेळही आली होती. तिनं आत अंडं टांगलं, अळ्या भरल्या, तोंड लिंपलं. सरांनी ते काडीसकट उचलून नव्या भट्टीत ठेवायला सांगितलं. भाजल्याशिवाय गुण नाहीत, असा नियम होता.

कुंभारीण सरांपुढे जाऊन बसली. "सर, आत माझं अंडं आहे."

सरांनी अभ्यासक्रम चाळला. "आशय तिसऱ्या वर्षाला आहे, बाई. पहिल्या वर्षाला फक्त आकार."

"भाजलं तर ते मरेल."

"त्यावर टिपण लिहा. चांगलं होईल."

पण भट्टी लगेच पेटली नाही, बाळांनो. भट्टीचं उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटन वाघसाहेबांच्या हस्ते, आणि वाघसाहेब शिकारीवर होते. उद्घाटनाआधी भट्टी पेटवणं म्हणजे साहेबांचा अपमान. विभागाचं सगळं काम थांबलं, आणि ते थांबलं आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुंभारीण दिवस मोजू लागली. पिल्लू बाहेर यायला चोवीस दिवस लागतात. ती रोज सकाळी मुंगसाकडे जायची.

"साहेब आले का रे?"

"नाही ताई. सांबर मोठं होतं म्हणे. अजून खातायत."

असे तेवीस दिवस गेले. चोविसाव्या दिवशी वाघसाहेब आले.

भट्टीचं दार उघडं ठेवलं होतं. आत पुढच्याच फळीवर बोराएवढं मडकं होतं. त्याच्या मागे माकडाचा गोळा. साहेबांसाठी पेटती मशाल तयार होती. रानडुक्कर सर प्रास्ताविकाला उभे राहिले. ते पाऊण तास बोलले. सशानं जांभई दिली. साहेबांनी मशालीकडे पाहिलं. सर म्हणाले, "शेवटी एवढंच सांगतो."

कुंभारणीनं मडक्याकडे पाहिलं. मडकं गप्प होतं. ती पुढे आली आणि नम्रपणे म्हणाली, "सर, चाकाचा इतिहास राहिला."

सरांचा चेहरा उजळला. सगळ्या सत्रात कुणी त्यांना प्रश्न विचारला नव्हता. चाकावर ते सव्वा तास बोलले. तिनं मग हळूच लेपाचा विषय काढला. त्यावर पन्नास मिनिटं. माकड तिच्याकडे दात विचकून म्हणालं, "ए बाई, जेवायचंय आम्हाला." ती सरांकडेच पाहत राहिली. सरांचं बोलणं इतकं मन लावून कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्या बायकोनंही नाही.

शेवटी साहेब गुरगुरले. सर अर्ध्या वाक्यात खाली बसले. साहेबांनी मशाल उचलली.

तेव्हा कुरकुर असा बारीक आवाज झाला. मडक्याच्या कुशीला टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडलं, मग मोठं झालं. आतून एक बारीक कमर बाहेर आली. तिनं पंख वाळवले, मशालीला एक वळसा घातला आणि ती उडून गेली.

सर उठले. त्यांनी मडकं वाकून पाहिलं आणि वहीत लिहिलं, 'भोक. नापास.'

मग भट्टी पेटली. माकडाचा गोळा आतून ओलाच होता. तो असा फुटला की भट्टीतली सगळी भांडी फुटली. विभागानं ती खापरं गोळा करून कापडावर मांडली. माकडानं आणखी दोन पानं लिहिली. त्याला सुवर्णपदक मिळालं, आणि आता ते तिथं शिकवतं.

कुंभारणीची लेक सरळ ओढ्यावर गेली. तिनं ओढ्यातून पाणी घेतलं, माती भिजवली आणि पहिलीच गोळी गोल केली.

मुंगूस म्हणाला, "थांब गं. कुठल्या वर्षाला आहेस?"

तिला प्रश्न कळला नाही. तिला अजून कुणी काहीच शिकवलं नव्हतं. ती गोळी घेऊन उडाली. मुंगसानं नियमाप्रमाणे वर पाहिलं, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत वरच पाहत राहिला.

तात्पर्य : बाळांनो, लांबलेल्या भाषणाला नावं ठेवू नका. विद्यापीठात एखादा जीव वाचलाच, तर तो तेवढ्यानंच वाचतो.