बेडूक रक्षक मंडळ

एका जंगलात, बाळांनो, बेडूक कमी आणि बेडकांची काळजी करणारे जास्त झाले.

तिथल्या ओढ्यात पूर्वी इतके बेडूक होते, की पाणी प्यायला वाकावं तर ओठाला बेडूकच लागायचा. मग ते घटू लागले. द्वारका खारीच्या जिवाला घोर लागला. डराव डराव ऐकल्याशिवाय तिच्या पिल्लांना झोप येत नसे.

म्हणून बेडूक रक्षक मंडळ निघालं, तेव्हा पहिली स्वयंसेविका द्वारकाच झाली. अध्यक्ष झाले दिगंबरराव हत्ती. कारण ते आधी बसले आणि मग दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही.

काम सोपं होतं. रोज संध्याकाळी काठावर गुपचूप बसायचं आणि बेडकांचे आवाज टिपायचे.

पोपट फांदीवरून कोकलायचा, "शांतता राखा! बेडूक लाजतात!" अस्वल भजी तळायचं. बगळ्यांना बेडकांचा फार कळवळा, म्हणून ते पुढच्या रांगेत. दिगंबरराव पाण्यात उतरून भाषण ठोकायचे. त्यांच्या पायाखाली बेडकांची अंडी असायची.

बेडूक गप्प.

"पाहिलंत? परिस्थिती गंभीर आहे!" दिगंबरराव म्हणाले. "स्वयंसेवक वाढवा!"

स्वयंसेवक वाढले. बेडूक नाहीसेच झाले.

द्वारका रडकुंडीला आली. शोधत शोधत ती टेकडीपलीकडच्या दलदलीत पोचली. बघते तर काय, सगळे बेडूक तिथं! नुसता कल्लोळ!

"अगंबाई, भिकोबा!" तिनं म्हाताऱ्या बेडकाला ओळखलं. "जिवंत आहात! थांबा, मंडळाला सांगून येते."

भिकोबानं तिचे पायच धरले. "द्वारकाबाई, तेवढं नका करू. त्यापेक्षा साप परवडला. पोट भरलं की तो घरी तरी जातो."

द्वारका परतली, तेव्हा सभा भरली होती. जन्मात ती कधी खोटं बोलली नव्हती.

"सापडले का?" दिगंबररावांनी विचारलं.

द्वारका म्हणाली, "नाही हो. एकसुद्धा नाही."

सभा हळहळली. बगळे तर ओक्साबोक्शी रडले. मग दिगंबररावांनी सोंडेनं डोळे पुसले.

"म्हणजे मंडळाची खरी गरज आता सुरू झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ओढ्याच्या मधोमध एक दगडी बेडूक बसवला गेला. मंडळ रोज त्याच्यावर बारीक लक्ष ठेवून असतं. त्याची संख्या अद्याप घटलेली नाही.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं. भक्षकाशी बोललं तरी एक वेळ चालेल. रक्षकाशी मात्र जपून.