एका टाइलपायी

मंगळवारी सकाळी हेडक्लार्कांच्या घराच्या दर्शनी भिंतीवरची एक टाइल खाली पडली आणि तिचे तीन तुकडे झाले. भिंतीवर अशा विटकरी टाइल्स एकशे चाळीस होत्या. त्यातली एक पडली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण तिला पडायला जागा सापडली ती नेमकी दारालगतची, आणि वेळ सापडली ती गिऱ्हाईक येण्याच्या आठवड्यातली.

हेडक्लार्कांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी सगळी गल्ली त्यांना याच नावानं ओळखायची. घर विकून लेकीच्या शेजारी, तळमजल्यावर राहायला जायचं ठरलं होतं, कारण बायकोच्या गुडघ्यांनी जिन्याशी उभा दावा मांडला होता. आठ महिन्यांत घर बघायला एकच गिऱ्हाईक आलं, पण ते दोनदा आलं. जाड चष्म्याचे ते गृहस्थ माळ्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळीकडे फिरले, नळ उघडून पाहिले आणि दोन्ही वेळा जाताना दर्शनी भिंतीवरून बराच वेळ हात फिरवत उभे राहिले. आता रविवारी ते तिसऱ्यांदा येणार होते.

"त्यांचा जीव जडलाय त्या भिंतीवर," बायको म्हणाली. "रविवारच्या आत ते भगदाड बुजवा. हे गिऱ्हाईक हातचं गेलं, तर माझा जन्म या जिन्यावरच जायचा."

हेडक्लार्क एक तुकडा पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदारानं तो दुरूनच पाहिला.

"हा रंग बंद झाला. त्याच्या जवळचा आहे. चोवीसचा खोका."

"मला एकच हवीय."

"सुटी देत नाही."

"अहो, एका दातासाठी मी दवाखान्यात गेलो, तर डॉक्टर काय बत्तीस बसवतो का?"

"डॉक्टरला गोदाम नसतं, साहेब."

हेडक्लार्कांचं डोकं तिथंच तापलं. पण दुकानदाराचं अजून संपलं नव्हतं. टाइल चिकटवायचा मसाला वीस किलोच्या पिशवीत मिळत होता.

"मला वाटीभर पुरेल हो."

"वाटीत येत नाही."

"मग उरलेल्याचं काय करू?"

"ठेवलात तर दगड होईल. आणि हे केमिकलचं पाणी घ्या, मसाल्याआधी भिंतीला लावायचं."

"नाही लावलं तर?"

"तर जबाबदारी आमची नाही."

"आणि लावलं तर?"

"तरी नाही."

बुधवारी गवंड्यानं नवी टाइल बसवली. हेडक्लार्क फाटकापाशी गेले आणि मागं वळून बघतात तो काय, जुन्या मातकट टाइल्समध्ये ती एकटी टोमॅटोसारखी लालभडक दिसत होती. दुसरा कोणी असता तर त्यानं समोर एखादी कुंडी ठेवून वेळ निभावून नेली असती. पण या माणसानं दोन रंगांच्या शाईत भरलेले अर्ज तीस वर्षं परत पाठवले होते.

"एकच ओळ बदलली तर? डिझाइनसारखी दिसेल," ते गवंड्याला म्हणाले.

"बदलू की. पण जुनं काम आहे, साहेब. एक हलवली की शेजारची सुटणार."

तसंच झालं. पहिली ओळ काढताना दुसरी तडकली आणि दुसरीला हात लावल्यावर तिसरी आपणहून खाली आली. दुपारपर्यंत अर्धी भिंत उघडी पडली, आणि आता अर्धी कशाला ठेवायची, असं खुद्द हेडक्लार्कांनाच वाटायला लागलं. गुरुवारी ते आणखी पाच खोके आणायला गेले, तर भाव चढलेला.

"परवा कमी होता!"

"परवा परवाचा भाव होता."

"खोका तोच आहे ना? दोन दिवसांत त्यानं काय शिकून घेतलं?"

दुकानदारानं बिल फाडलं. शुक्रवारी टेंपोवाला टाइल्सचा चुरा न्यायला आला आणि त्यानंही पैसे मागितले. विकत घ्यायला पैसे, आणायला पैसे, लावायला पैसे, इथवर एक वेळ समजण्यासारखं आहे. पण आपल्या घरचा केर दुसऱ्यानं उचलून न्यावा म्हणूनही पैसे मोजायचे, हा कुठला न्याय? हेडक्लार्क गल्लीच्या तोंडापर्यंत टेंपोच्या मागं भांडत गेले आणि शेवटी पैसे देऊन परत आले.

शनिवारी संध्याकाळी भिंत पुरी झाली. चकचकीत आणि एकरंगी. सगळ्या संतापातही हेडक्लार्कांना तिचा अभिमान वाटला.

रविवारी ते गृहस्थ आले आणि फाटकातच थबकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आधीच्या टाइल्स कुठं गेल्या?"

"काढून टाकल्या! सगळ्या नव्या बसवल्या, खास तुमच्यासाठी!"

"एखादी तरी अखंड राहिली असेल ना?"

"छे हो, टेंपोभर चुरा झाला."

गृहस्थ मटकन पायरीवर बसले. बायकोनं घाईघाईनं पाणी आणलं. "घराचं काय ठरवलंत मग?" तिनं विचारलं.

"घर छान आहे, वहिनी. पण मला घर आहे." त्यांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेला विटकरी तुकडा बाहेर काढला. "माझ्या भिंतीला अगदी तुमच्यासारख्याच टाइल्स आहेत. त्यातली एक पडली. सगळी दुकानं पालथी घातली, कुठंच मिळेना. मग तुमची भिंत दिसली. म्हटलं, यांच्या माळ्यावर उरलेली असेल."

"मग पहिल्याच दिवशी मागायची ना!" हेडक्लार्क कडाडले. "आमचे नळ उघडून कशाला बघितलेत?"

"परक्याच्या दारात जाऊन टाइल कशी मागायची? लाज वाटली हो. म्हटलं, जरा ओळख वाढू दे."

बायको जिन्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. ते पाहून गृहस्थ फारच ओशाळले. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी नव्या भिंतीकडं हात केला.

"पण अख्खी भिंत कशाला उतरवलीत?" ते कळवळून म्हणाले. "मला एकच हवी होती हो!"

हेडक्लार्क त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"मलासुद्धा," ते म्हणाले, "एकच हवी होती."