सुनेचे जंतू

सासऱ्यांनी कॅनचं झाकण उघडलं, नाक दाबलं आणि निळ्या जंतुनाशकाची अख्खी बाटली आत रिकामी केली. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरची स्वच्छता सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर घराची पाळी आली होती.

त्या कॅनमध्ये सुनेचे जिवाणू होते. लोक शेतात जाळून टाकतात तो पेंढा कुजवून त्याचं खत करणारे, मातीतून निवडून निवडून वाढवलेले. प्रयोगशाळेतलं उबवणीचं यंत्र बिघडलं आणि बाकीचे सगळे गेले. उरलेलं एवढंच विरजण तिने जिवापाड जपून घरी आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेतकऱ्यांसमोर पेंढ्यावर टाकून दाखवायचं होतं. नाही जमलं, तर प्रकल्प बंद.

संध्याकाळी सून घरी आली.

"बाबा, मोरीतला कॅन कोणी उघडला?"

"मीच. अगं, काय तो वास! जंतू झाले होते त्यात."

"झाले नव्हते हो, मी केले होते!"

"मुद्दाम?"

ती मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. सासऱ्यांच्या पायांखालची जमीन सरकली. जन्मभर त्यांनी जंतू मारले, पण जंतूंसाठी कोणी रडलेलं पाहिलं नव्हतं.

"किती होते?" त्यांनी हळूच विचारलं.

"अब्जावधी."

ते खुर्चीत खचले. मुलाने टीव्ही बंद केला. जेवायला कोणी उठेना. घरातलं माणूस गेल्यावर बसतात तशी सगळी बसली होती, आणि दुःख खरंच तेवढं होतं.

"पोरी, माझ्या हातून पाप झालं," सासरे म्हणाले. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. चारचौघांत सांगतो, दोष माझा."

सासूबाईंना आता राहवेना.

"कॅन उघडून बघ तरी एकदा."

"काय बघू, आई? त्या औषधात काहीही जगत नाही."

"बघ म्हणते ना!"

सुनेने झाकण काढलं. आत फेस नुसता उतू चालला होता.

"जिवंत आहेत! पण कसे?"

सासूबाई नवऱ्याची नजर चुकवत म्हणाल्या, "त्या औषधाने माझे हात सोलून निघायचे. कधीच बंद केलं मी ते. बाटलीत पाणी भरते आणि कपड्यांची नीळ घालते, थेंबभर."

सुनेने त्यांना मिठीच मारली. सासऱ्यांनी मात्र रिकामी बाटली हातात घेतली.

"मग इतकी वर्षं मी रोज घरभर काय शिंपडत होतो?"

सासूबाईंना त्यांची दया आली.

"जाऊ द्या हो," त्या म्हणाल्या, "मनापासून शिंपडत होता."