परबसरांचा गज

आमच्या सोसायटीत लहानथोर सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या परबसरांना व्हायोलिन वाजवता येत नाही.

ही बातमी त्यांनी स्वतःच पसरवली. क्लास संपला की सर चपला घालतात, पहिल्या मजल्यावर जातात आणि बेल दाबतात. "मघाशी आवाज झाला ना, तो माझा हां. हात लागत नव्हता आज. माफ करा." खरं तर तो आवाज माझा असतो, नाहीतर गायकवाडांचा. पण विद्यार्थ्याची अब्रू जाऊ नये म्हणून हा माणूस आपली घालवून येतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "सर, अहो लोक तुम्हाला काय काय बोलतात, ठाऊक आहे?"

"बोलांदेत. माझा काय आता लगीन जमवचा आसा?"

मी पन्नाशी उलटल्यावर व्हायोलिन हातात घेतलं. आमचे हे म्हणाले, "त्यापेक्षा भांडी आपट, त्यात तू आधीच तयार आहेस." झालं, मग मी मुद्दामच गेले. आम्ही तिघंच विद्यार्थी. विक्रोळीच्या कारखान्यातून रिटायर झालेले गायकवाड, कॉलेजातली ऋचा आणि मी. तिघांत मिळून एक धड सूर निघेल तर शपथ!

मी पहिल्यांदा गज ओढला तेव्हा माझेच दात आंबले. सर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "आवाजात जोर आसा, वहिनी." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आज बसलात मात्र झकास." एकदा माझ्याकडून इतकं भयंकर काही वाजलं की आता हा काय बोलणार म्हणून मी बघतच राहिले. बराच विचार करून ते म्हणाले, "व्हायोलिन काय लख्ख पुसलंत हो!" अशा माणसाकडे शिकायचं तरी कसं? कधीतरी खेकसला असता तर निदान कळलं असतं कुठे माती खाल्ली ते.

स्वतः वाजवून दाखवणं तर नाहीच. पातळ आवाजात सूर गाऊन दाखवायचे. वाजवा ना म्हटलं की उत्तर ठरलेलं. "मी वाजवलं तर तुम्ही ऐकत बसतलात. मग शिकतला कोण?"

तरुणपणी सर सिनेमाच्या गाण्यांत वाजवायचे. व्हायोलिनवाल्यांच्या चार रांगा असत, त्यातल्या शेवटच्या रांगेत. मग एकटा कीबोर्डवाला अख्ख्या रांगांचं काम करायला लागला आणि ह्यांना बोलावणी येईनाशी झाली. त्याबद्दल कधी कुरकुर नाही. त्या दिवसांतला एक धडा मात्र ते आम्हाला सारखा द्यायचे. "वाजवताना हरवलात तर काय करायचा? गज तारेवरसून हळूच उचलायचा. केसभर. पण गज थांबाक नको! हात सगळ्यांबरोबर वर-खाली चालत रवाक होयो. बाजूचे वाजवतत, कोणाक कळणा नाय." हा धडा आम्हा तिघांनाही फार आवडला. खरं सांगायचं तर तेवढा एकच आम्हाला चांगला आला.

सरांची बायको जाऊन काही वर्षं झाली. मुलगा कुर्ल्याला, तो गणपतीला येऊन जातो. एरवी त्या घराचं दार आमच्यासाठीच उघडायचं. आम्ही यायच्या आधी सर खिडक्यांना गोधड्या लावायचे, चहाचं आधण ठेवायचे आणि पायरीवर येऊन उभे राहायचे.

आणि यंदा सोसायटीचे सेक्रेटरी मोरे येऊन बसले. माणूस वाईट नाही, पण वरच्यांनी त्यांचं डोकं खाल्लं होतं. "सर, गुरुपौर्णिमेला खाली पार्किंगमध्ये कार्यक्रम करा. कुणाला काही येतंय असं दिसलं तर लोकांची तोंडं बंद करतो. नाहीतर महिनाअखेर क्लास बंद. माझाही इलाज नाही."

सरांनी भूप रागातली साधी सरगम बसवायला घेतली. आम्ही जीव तोडून वाजवलं आणि ती रोज आमच्या हातून निसटली. गायकवाड कपाळ बडवून म्हणायचे, "वाट लागली." सर म्हणायचे, "जमतला, जमतला." मग शेवटच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, "मीय तुमच्या वांगडा बसतंय." आम्ही सुटकेचा श्वास टाकला. सर आमच्याबरोबर बसणार म्हणजे झालंच की काम!

गुरुपौर्णिमेला गाड्या हलवल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सर कडक इस्त्रीचा बुशशर्ट घालून आमच्या मागे बसले. मोबाइलवर तबला लावला, स्पीकर जोडला. सरांनी मान हलवली आणि चार गज एकदम उठले.

माझी बोटं घामाने निसरडी झालेली. मी मनात म्हटलं, आपण कशाला घाण करा? सर आहेत, गायकवाड आहेत. मी गज केसभर उचलला. गायकवाडांनी म्हटलं, वहिनी आहेत, सर आहेत. ऋचाची तार दमट हवेने उतरली होती, तिनेही तेच केलं. चारही गज असे एका तालात वर-खाली, वर-खाली, की बघत राहावं. आणि आवाज? फक्त तबल्याचा.

थोडा वेळ लोकांना वाटलं, सुरुवात अशीच असेल. मग मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, स्पीकर बिघडला वाटतं." मी मागे वळून पाहिलं. सरांचा गजही हवेतच. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. पार्किंगमध्ये जे हसू फुटलं ते अजून कानात आहे. कुणी ओरडलं, "मोरे, आता आवाजाची तक्रार कसली?" मोरे मात्र हसले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, आता मी काय करू, सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरातरा सरांच्या घरी गेले. "आमचं सोडा, आम्ही दगड आहोत. पण तुम्ही तरी वाजवायचं ना! आपला क्लास बुडाला, सर!"

त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. "ही गेल्यावर वर्षभरात झटको इलो. हलकोच. बाकी सगळा परत इला, बोटा नाय इली. तार दाबलंय तरी कळणा नाय खय दाबलंय ती."

"मग बसलात कशाला आमच्यात?"

"म्हटलं, माका बघून तुमका धीर येईत. तुम्ही वाजवशात, मी नुसतो गज हलवीन." हात मागे घेत ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कसा वाजवतात ता माका कळता. कान धड आसत माझे. पण तेवढो वेळ ह्या घरात व्हायोलिन वाजता. आता मी आणि हो पंखो."

मी भांडायला गेले होते. तिथेच वेताच्या मोढ्यावर बसून ढसाढसा रडले.

मग उठले. कालपासून तिथेच पडलेलं माझं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि गज त्यांच्या हातात दिला. "उजवा हात चांगला आहे ना? मग या इकडे."

"शी! असा कोण वाजवता?"

"या म्हणते ना!"

ते माझ्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले. गज तारेवर टेकला आणि मोकळ्या तारेचा सा निघाला. माझ्या हातात जी तार नुसती किंचाळायची, तीच ही? इतका भरलेला, शांत आवाज माझ्या खांद्यात घुमला. हा माणूस इतकी वर्षं हे आत ठेवून आमचं ऐकत होता! "बोट ठेवा," सर म्हणाले. मी रेवर बोट ठेवलं आणि तो सगळा आवाज घसरून पडला. त्यांचा चेहरा आवळला, पण गज चालूच होता. खाली त्यांचा डावा हात लेंग्याच्या शिवणीवर रे शोधत होता, बोटं जेमतेम हलत होती.

माझी बोटं या जन्मात तयार व्हायची नाहीत आणि त्यांची परत यायची नाहीत. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"परत सा," सर म्हणाले, आणि मी बोट उचललं.