पुष्पवृष्टी उपसमिती

दुष्ट माणूस मेल्यावर चांगल्या माणसांना आनंद होणे हे समाज धडधाकट असल्याचे लक्षण आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की तो आनंद किती वाजता आणि कुणाच्या परवानगीने व्हावा. ज्या कार्यालयाची ही हकिगत आहे, तिथले मोठे साहेब एका सोमवारी सकाळी सव्वादहाला खुर्चीतच वारले, आणि साडेदहापर्यंत सर्व कर्मचाऱ्यांचे चेहरे गंभीर झाले. (टायपिस्टबाईंचा होईना. त्यांनी तो फाइलीआड धरला.)

रेकॉर्ड सांभाळणारे अण्णा मात्र उघड उघड हसले. तो त्यांचा हक्कच होता. तीन वर्षांपूर्वी त्यांची आई अंथरुणाला खिळली. बहिणीचा फोन आला, "दादा, आई सारखी दाराकडे बघतेय, ये लवकर." अण्णांनी चार दिवसांची रजा मागितली. साहेबांनी अर्ज नामंजूर केल्याची चिठ्ठी आली त्याच दुपारी आई गेली. शेवटचे पाणी तिला बहिणीने पाजले, आणि त्या वेळी अण्णा इथे फाइलींवर नंबर घालत बसले होते. तेव्हापासून ते साहेबांच्या मरणाची वाट पाहत होते, तीही मनापासून, कार्यालयीन वेळेबाहेरसुद्धा.

"मी फुलं आणतो," अण्णा म्हणाले. "गॅलरीतून उधळणार. आजच्या आज."

"अण्णा, जरा दमानं घ्या," हेडक्लार्क म्हणाले. "आधी धर्मात बसतं का ते बघू. उगाच पाप नको पदरात."

लगेच उपसमिती नेमली गेली. अध्यक्षपद आवक-जावक विभागातल्या शास्त्रीबुवांना मिळाले, कारण फळ्यावरचा रोजचा सुविचार तेच लिहीत. मतमोजणी झाली. एकूण कर्मचारी एक्केचाळीस. आनंदाच्या बाजूने अडतीस, आनंदाच्या बाजूने पण लेखी नको असे दोन, गैरहजर एक (साहेब).

शास्त्रीबुवांनी विषयाचा फडशाच पाडला. पुराणांत राक्षस पडला की देव आकाशातून फुले टाकतात, सबब आनंदाला आधार आहे. फुले वरून आली होती, सबब ती दुसऱ्या मजल्याखालून टाकू नयेत. एक अडचण निघाली. त्या दहा तोंडांच्या राजाला मारल्यावर, मारणाऱ्यानेच त्याच्या भावाला समजावले होते, की वैर मरणापर्यंतच असते, आता हा जसा तुझा तसा माझाही, याचे सगळे नीट कर. यावर बराच खल झाला. अखेर असे ठरले, की ती सूचना भावासाठी होती, कर्मचाऱ्यांसाठी नव्हे. शिवाय देवाच्या हातून मेलेल्या दुष्टाला मोक्ष मिळतो. तेव्हा आपला आनंद म्हणजे मयताचे अभिनंदनच ठरते, आणि तो शोकसभेच्या खर्चात बसवता येतो.

("पण बुवा, त्या राक्षसांना वर कुणी दिले होते?" असे शिपायाने विचारले. वर देणारे आणि फुले टाकणारे कार्यालय एकच असल्याचे आढळल्यावर ही चर्चा इतिवृत्तातून वगळण्यात आली.)

शेवटी एकच अट घातली गेली. आनंद करणाऱ्याने छळाचा कागदोपत्री पुरावा दाखवावा. पहिला मान अर्थातच अण्णांचा. त्यांच्या आनंदाला प्रथम श्रेणी आधीच मंजूर होती, फक्त फाइल तेवढी हवी होती.

अण्णा शिडी लावून सर्वांत वरच्या कप्प्यापर्यंत चढले. तीन वर्षांत त्यांनी ती फाइल उघडली नव्हती. साहेबांनी काय लिहिले असेल ते त्यांना तोंडपाठ होते: नाही, मुळीच नाही, आई प्रत्येकाला असते. त्यांनी फीत सोडली. तळाशी साहेबांची सही होती आणि तिच्यावर एकच शब्द, 'वरीलप्रमाणे'.

वर हेडक्लार्कची झोकदार सही होती, 'सहमत'. तिच्यावर शास्त्रीबुवांची, 'सहमत'. टायपिस्टबाईंची, 'टंकित केले, सहमत'. अशा सह्या चढत चढत अगदी पहिल्या शेऱ्यापर्यंत गेल्या होत्या: 'यापूर्वी अशी रजा दिल्याचे उदाहरण रेकॉर्डमध्ये आढळत नाही. सबब शिफारस नाही.' अक्षर सुबक होते, गोल, जरा उजवीकडे कललेले.

अण्णांनी फाइल उजेडात धरली. अक्षर त्यांचे स्वतःचे होते.

इथे कार्यपद्धती सांगितली पाहिजे. अर्ज आधी रेकॉर्डकडे येतो. पक्षपात होऊ नये म्हणून अर्जदाराच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवलेली असते. ही सुधारणा खुद्द अण्णांनीच सुचवली होती आणि त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रकही मिळाले होते. त्या सकाळी चाळीस अर्ज आले होते. उदाहरण शोधायचे तर शिडी चढावी लागते, आणि चहा तर निवत होता. त्यांनी चाळीसही अर्जांवर, न वाचताच, तेच वाक्य लिहिले.

"आई गं," अण्णा शिडीवरच पुटपुटले. मग त्यांनी सह्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. दहा भरल्या. (त्या राजाच्या तोंडांशी आकडा जुळतो हा निव्वळ योगायोग.) त्यांतले एकच तोंड आज सकाळी मिटले होते.

"अण्णा, सापडली का हो?" खालून शिपाई ओरडला. "सगळे खोळंबलेत!"

अण्णांनी फीत पुन्हा बांधली. "फाइल जागेवर नाही," ते म्हणाले. हे वाक्य नोकरीत त्यांनी हजारो वेळा म्हटले असेल, पण आवाज आजच फुटला.

त्या फुटक्या आवाजाने उपसमितीचे डोळे पाणावले. तोंडी पुरावा ग्राह्य धरला गेला. "काय सोसलंय हो तुम्ही!" असे म्हणत त्याच झोकदार हाताने हेडक्लार्कनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. चार वाजता दोन मिनिटे स्तब्धता पाळून सगळे गॅलरीत जमले. पहिली ओंजळ अण्णांच्या हाती दिली गेली, आणि अण्णांनी ती उधळली.

खाली गाडीपाशी साहेबांचा धाकटा भाऊ उभा होता. साहेबांना उचलायला चौथा माणूस मिळतो का ते पाहत होता. अंगावर फुले पडताच त्याने वर पाहिले आणि रडत रडत सर्वांना हात जोडले. वरच्या एकाचाही हात जोडायला मोकळा नव्हता.

अर्धी टोपली उरली आहे. तुमच्याही डोक्यावर असा एखादा साहेब असेल आणि तो गेला असेल, तर कार्यालयीन वेळेत येऊन ओंजळभर फुले न्यावीत. पुरावा नको, तुमच्या तोंडी शब्दावर आमचा पूर्ण विश्वास आहे. तुमची फाइल बघायचा आग्रह तेवढा धरू नये. ती आमच्याकडे आहे, जागेवर आहे, आणि पहिल्या शेऱ्याचे अक्षर अण्णांचे नाही.